पाणीवाल्या बाईंचं विधेयक आणि माझी एक चिठ्ठी

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या हॉलमध्ये दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कमिटीने मला ‘आरोग्य आणि आपण’ असा विषय दिला होता. बत्तीस वर्षं महापालिकेच्या आरोग्य खात्यात काढलेल्या बाईला दुसरा कुठला विषय देणार? पण साखर, ब्लडप्रेशर आणि गुडघेदुखी यांवर या हॉलमध्ये इतकी व्याख्यानं झाली आहेत, की आता आपल्या गुडघ्यांनाही ती पाठ झाली असतील. म्हणून सेक्रेटरींना विचारून मी विषय जरा वळवून घेतला. मी बोलणार आहे ते आमदार या माणसाबद्दल. घाबरू नका, निवडणुकीचं काही नाही.

आमदार आणि आरोग्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? फोटो लावलेली ॲम्ब्युलन्स. मोफत चष्म्यांचं शिबिर. डेंग्यूच्या दिवसांत धुराच्या मशीनमागे चालणारे कार्यकर्ते. आणि आपल्याच घरात कुणी आजारी पडलं की मोठ्या हॉस्पिटलात खाट मिळावी म्हणून त्यांच्या पीएला केलेला फोन. यात वाईट काही नाही, मीही असे फोन केले आहेत. पण ही कामं गणेशोत्सव मंडळही करतं. आमदाराला करता येतं आणि मंडळाला येत नाही, असं एकच काम आहे, ते म्हणजे कायदा करणं. आपल्या घटनेत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं हा राज्याच्या सूचीतला विषय आहे. म्हणजे तो मंत्रालयाजवळच्या त्या विधानभवनात ठरतो. तिथे ठरलेली एक गोष्ट माझ्या घरात कशी आली, ते मला सांगायचं आहे.

आपल्यापैकी बरेच जण पश्चिमेला जाताना मृणालताई गोरे उड्डाणपुलावरून जातात. परवा रिक्षात माझ्या नातीने विचारलं, “आजी, ह्या मृणालताई कोण?” रिक्षावाला माझ्या आधी बोलला, “पाणीवाली बाई.” मला बरं वाटलं. गोरेगावात अजून ते नाव चालतं तर. नळाला पाणी यावं म्हणून या बाईंनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. १९७२ ला महागाईविरुद्ध बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, त्यातही त्या आणि अहिल्याताई रांगणेकर पुढे होत्या. हे जुन्या लोकांना माहीत आहे. फारसं माहीत नसलेली गोष्ट अशी की मृणालताईंनी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून राजकारणात उडी घेतली होती. डॉक्टर व्हायच्या राहिल्या. आणि पाणी हा तरी दुसरा कसला प्रश्न होता? काविळीचे आणि जुलाबांचे पेशंट तपासणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला विचारा.

आता १९८६. मी महापालिकेच्या एका प्रसूतिगृहात नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. रोज लोकलने जायचे. लेडीज डब्यात, डोक्याच्या वर, त्या काळी जाहिराती चिकटवलेल्या असत. आज पाचशे रुपये खर्च करा आणि उद्याचे पाच लाख वाचवा, असा त्यातल्या काहींचा मतलब होता. तरुण मंडळींना याचा अर्थ कळणार नाही. पाचशे रुपये म्हणजे गर्भजल परीक्षेचा खर्च, पाच लाख म्हणजे मुलीच्या लग्नाचा हुंडा. मधली गोष्ट लिहायची गरज नव्हती, वाचणाऱ्या बायका ती मनातल्या मनात भरून घ्यायच्या. हे चोरून चाललेलं नव्हतं. लोकलमध्ये, भिंतींवर, उघड. सरकारी रुग्णालयांत लिंग ओळखण्यासाठी ही परीक्षा करायला केंद्र सरकारने १९७८ च्या सुमारास मनाई केली होती. खासगी दवाखान्यांना कुणी काही म्हटलेलं नव्हतं.

त्याच वर्षी आमच्या थोरल्या जाऊबाई माझ्याकडे आल्या. त्यांना विचारूनच हे सांगते आहे. त्या म्हणाल्या, “सांग बिनधास्त, आता काय लपवायचं राहिलंय?” त्यांना दोन मुली होत्या, तिसऱ्यांदा दिवस गेले होते. सासूबाई बोलून दाखवत नव्हत्या, पण जेवताना वरण वाढायचा आवाज बदलला होता. जाऊबाई स्वयंपाकघराचं दार लोटून म्हणाल्या, “अगं, तू डॉक्टर आहेस. एखादं चांगलं ठिकाण सांग, जिथे काही बरंवाईट होणार नाही.”

मी लेटरपॅडचा कागद घेतला नाही, एवढं मला आठवतं. वाण्याच्या यादीच्या मागे पत्ता लिहून दिला.

पुढे काय झालं ते मी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्यांना ते मूल झालं नाही. दोन वर्षांनी मुलगा झाला, बारसं थाटात झालं, मीही चांदीचा वाळा घेऊन गेले. आजही मला कुणी विचारलं, की तू गुन्हा केलास का, तर उत्तर ‘नाही’ असंच आहे. १९८६ साली तो गुन्हा नव्हताच. मी नोकरीच्या नियमात होते, कायद्यात होते, घरच्यांच्या मर्जीतही होते.

त्या वेळी मुंबईत काही लोक मात्र गप्प नव्हते. स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्या, काही डॉक्टर, काही विज्ञान चळवळीतली माणसं यांनी लिंगनिदानाविरुद्ध एक मंच उभा केला होता. ते दवाखान्यांसमोर निदर्शनं करत, वर्तमानपत्रांत लिहीत, आकडे गोळा करत. डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली, तेव्हा त्यातले ८४ टक्के लिंग ओळखण्यासाठी गर्भजल परीक्षा करत असल्याचं आढळलं. त्या काळात आणखी एक आकडा सगळीकडे छापून यायचा. मुंबईत अशा परीक्षेनंतर झालेल्या ८,००० गर्भपातांपैकी ७,९९९ गर्भ मुलींचे होते. मी तो आकडा पेपरात वाचला आणि पेपर उलटा करून ठेवला.

पण नुसत्या आकड्यांनी काही होत नाही. ते सभागृहात कुणीतरी न्यावे लागतात. मृणालताई १९८५ ला पुन्हा विधानसभेवर निवडून आल्या होत्या, बसत होत्या विरोधी बाकांवर. त्यांनी लिंगनिदानावर बंदी आणणारं अशासकीय विधेयक मांडलं. अशासकीय विधेयक म्हणजे मंत्र्याने नव्हे, साध्या सदस्याने आणलेलं. त्यासाठी शुक्रवारचा थोडा वेळ राखून ठेवलेला असतो, आणि आठवड्याच्या शेवटी गावी जायची घाई असलेल्या सदस्यांनी सभागृह अर्धं रिकामं झालेलं असतं. अशी विधेयकं पास जवळजवळ कधीच होत नाहीत. मग मांडायची कशाला? आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एखादा सभासद दरवर्षी उठून पाण्याच्या टाकीचा विषय काढतो, कमिटी म्हणते बघू, आणि तिसऱ्या वर्षी कमिटीच ठराव आणते. बी विंगमधल्या काकांना मी कोणाबद्दल बोलते आहे ते कळलं असेल. तसंच हे. विधेयक मांडलं की ते छापलं जातं, कामकाजात नोंदलं जातं, आणि मंत्र्याला उभं राहून काहीतरी उत्तर द्यावं लागतं. “सरकार विचार करत आहे” हे जे आपण चेष्टेने म्हणतो, ते वाक्यही बोलायला लावावं लागतं.

बाहेरून चळवळ आणि आतून विधेयक, असा दोन्ही बाजूंनी रेटा आला. सरकारने आरोग्य सचिव डी. टी. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली, आणि शेवटी सरकारने स्वतःचं विधेयक आणलं. १० मे १९८८ पासून महाराष्ट्रात गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा लागू झाला. देशातला असा पहिला. केंद्राचा कायदा व्हायला १९९४ उजाडलं आणि तो लागू झाला १ जानेवारी १९९६ पासून. त्यामुळे कायद्यावर नाव सरकारचं लागलं. श्रेय कुणाला मिळालं यात मृणालताईंना फारसा रस होता असं मला वाटत नाही. पुढे त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्याही झाल्या, पण गोरेगावात त्या शेवटपर्यंत, म्हणजे २०१२ ला जाईपर्यंत, पाण्याच्याच बाई राहिल्या.

आता मी कायद्याची आरती ओवाळणार नाही. मला तो पुढे राबवावा लागला, त्यामुळे त्याची भोकं मला ठाऊक आहेत. १९८८ च्या कायद्यात खासगी केंद्रं नोंदणी करून ‘वैद्यकीय कारणासाठी’ परीक्षा करू शकत होती, आणि आतल्या खोलीत डॉक्टर काय बोलला ते कोण ऐकणार? ज्या बाईवर घरच्यांनी दबाव आणला तिलाही दोषी धरण्याची सोय त्यात होती. साध्या नागरिकाला तक्रार घेऊन सरळ कोर्टात जाता येत नव्हतं. आणि कायदा राज्यापुरता, म्हणजे गाडी पकडून शेजारच्या राज्यात गेलं की संपला. खटले म्हणावे तर फारसे झाले नाहीत.

मग काय उपयोग झाला? मी माझ्यापुरतं सांगते.

१९८९ च्या दिवाळीत माझ्या मामींनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या सुनेला दुसरी खेप होती, पहिली मुलगी. तोच प्रश्न, तोच आवाज. “अगं, एखादा चांगला डॉक्टर सांग ना.” मी म्हटलं, “मामी, आता तो कायद्याने गुन्हा आहे. माझी नोकरी जाईल.”

“घरातल्या गोष्टीत कुठला आलाय कायदा?” मामी म्हणाल्या.

“आलाय खरा,” मी म्हटलं. “गेल्या वर्षीच आला.”

त्या दिवशी मी मोठी तत्त्वनिष्ठ झाले होते असं समजू नका. तीन वर्षांत माझ्यात काही बदल झाला नव्हता. तेव्हाही मला ते पटत नव्हतं, आताही पटत नव्हतं. पण १९८६ ला माझ्याकडे ‘नाही’ म्हणायला वाक्य नव्हतं. ‘मला पटत नाही’ असं धाकट्या सुनेने थोरल्या जावेला सांगणं म्हणजे सबंध घराशी भांडण. ‘कायद्याने गुन्हा आहे’ हे सांगायला भांडावं लागत नाही, दोष सरकारवर ढकलता येतो. मामी दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांनी दुसरीकडे विचारलं की नाही, मी चौकशी केली नाही. त्यांना नात झाली, एवढं खरं.

पुढचं भराभर सांगते, नाहीतर चहा थंड होईल. गर्भजल परीक्षेची जागा सोनोग्राफीने घेतली. सुई नाही, दोन-तीन आठवडे रिपोर्टची वाट नाही. कायदा मागे पडला. १९९१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ९४६ मुली होत्या, २००१ ला ९१३ झाल्या, २०११ ला ८९४. पहिला कायदा करणाऱ्या राज्याचे हे आकडे. डॉ. साबू जॉर्ज, पुण्याची ‘मासूम’ आणि मुंबईची ‘सेहत’ या संस्था २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या, की कायदा आहे पण कुणी राबवत नाही. न्यायालयाने राज्यांना धारेवर धरलं आणि २००३ ला केंद्राचा कायदा दुरुस्त होऊन आला. प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंदणी. प्रत्येक गरोदर बाईच्या तपासणीचा एफ फॉर्म. दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत अहवाल. बाहेर बोर्ड, इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत. आणि बाईवर घरच्यांनी जबरदस्ती केली असंच आधी गृहीत धरायचं. आधीच्या कायद्यातला तो काटा निघाला.

मुंबईत या कायद्याखालची समुचित प्राधिकारी म्हणजे वॉर्डची आरोग्य अधिकारी. २००३ च्या अखेरीस मी दुसऱ्या एका वॉर्डात त्या खुर्चीवर बसले. नाव भारदस्त, काम काय? फॉर्म तपासणं. पत्ता अर्धवट, सही नाही, तपासणीचं कारण रिकामं. डॉक्टर मंडळी वैतागायची, “मॅडम, कारकुनी चुकांसाठी मशीन सील करता?” मलाही कधी कधी ते पटायचं. पण आतल्या खोलीतलं बोलणं रेकॉर्ड होत नाही. कागद एवढाच पुरावा उरतो, आणि जो कागद मुद्दाम रिकामा ठेवतो त्याच्याकडे बहुतेक वेळा तसं कारण असतं. २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानेही एफ फॉर्म नीट न भरणं हा गुन्हाच धरला. तोवर मी निवृत्त झाले होते, पण त्या दिवशी मी शेवया केल्या.

आता आपल्या घरची गोष्ट. जुन्या सभासदांना आठवत असेल, २००६ ला आपल्या तीन नंबरच्या गाळ्यात एक सोनोग्राफी सेंटर होतं. नाव घेत नाही. डॉक्टर गोड बोलणारे, मेंटेनन्स वेळेवर, गणपतीला घसघशीत वर्गणी, आणि ज्येष्ठ सभासदांची शुगर फुकट तपासून द्यायचे. मी रोज ऑफिसला जाताना त्या दारावरून जायचे. नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असावं लागतं, ते मला कधी दिसलं नाही. बोर्ड होता, पण दार उघडलं की तो दाराआड जायचा, आणि दार दिवसभर उघडंच असायचं. दुसऱ्यांच्या वॉर्डात मी यासाठी नोटिसा काढत होते. इथे आठ महिने गप्प बसले. स्वतःला सांगत होते, हा माझा वॉर्ड नाही. खरं कारण असं, की त्यांनी माझ्या यजमानांच्या ॲन्जिओग्राफीच्या वेळी रात्री दोन वाजता फोन करून खाट मिळवून दिली होती.

शेवटी मला ज्यांनी हलवलं त्या आपल्याकडे जिने झाडायला यायच्या त्या ताई. एक दिवस झाडू भिंतीला टेकवून म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही त्याच खात्यात ना? खाली बायका रडत बाहेर येतात. मी रोज बघते. तुम्हाला नाही दिसत?”

मी त्या संध्याकाळी इथल्या वॉर्ड ऑफिसला लेखी तक्रार दिली, माझ्या नावाने. तपासणी झाली, रजिस्टर आणि फॉर्म जुळेनात, मशीन सील झालं. गुन्हा लागला तो कागदपत्रांचा. त्या खोलीत काय बोललं गेलं, ते शेवटपर्यंत कुणालाच सिद्ध करता आलं नाही. पुढल्या वर्षी त्यांनी गाळा सोडला. त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत मला एकाने विचारलं होतं, “मॅडम, सोसायटीचं नाव पेपरात आलं असतं तर फ्लॅटचे भाव किती पडले असते?” ते गृहस्थ आज समोर बसले आहेत आणि हसत आहेत, म्हणजे राग गेला असावा. दोन वर्षं लिफ्टमध्ये काही जण मला बघून मोबाइल काढायचे, तेही मी विसरले आहे असं म्हणू या.

पण त्याच सभेत ठराव झाला होता, की वैद्यकीय कामासाठी गाळा देताना नोंदणीच्या कागदांची प्रत घेतल्याशिवाय सोसायटीने ना-हरकत पत्र द्यायचं नाही. इतिवृत्ताच्या वहीत तो असेल, शोधला तर सापडेल.

हे सांगायचं कारण, तीन नंबरच्या गाळ्यासाठी पुन्हा एका डायग्नॉस्टिक सेंटरचा अर्ज आला आहे. येणारे लोक चांगले असतील, मला त्यांच्याबद्दल काही शंका नाही. सेक्रेटरींनी मला परवा अर्ज दाखवला. भाडेकरार जोडला आहे, फायर ब्रिगेडचं पत्र जोडलं आहे, आतल्या सजावटीचा रंगीत नकाशासुद्धा आहे. सोनोग्राफी मशीनच्या नोंदणीची प्रत नाही. रविवारी कमिटीची मीटिंग आहे, त्याआधी ती मागवून घ्या. आणि बोर्ड कुठे लागणार ते त्या रंगीत नकाशात त्यांना दाखवायला सांगा, दार उघडं धरून.

चहा आला वाटतं.